तिचा प्रसंग माझ्या तोंडी

नोकरी गेली तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. नोएडातल्या एका कंपनीचं औषधांचं शीतगोदाम नऊ वर्षं माझ्याकडे होतं. इन्शुलिन, लसी, डोळ्यांत घालायचे थेंब, अशी थंड ठेवावी लागणारी औषधं आमच्याकडे यायची आणि आमच्याकडून दवाखान्यांना जायची. मग ती कंपनी दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली. त्यांचं स्वतःचं गोदाम हरयाणात होतं, त्यामुळे आमचं बंद झालं. एका सोमवारी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं आणि दुपारपर्यंत आमची ओळखपत्रं जमा करून घेतली.

पहिले दोन महिने मी फारसा घाबरलो नाही. ‘अनुभवी माणसाला काम मिळतंच’ हे वाक्य इतक्या लोकांनी ऐकवलं की मलाही ते खरं वाटायला लागलं. आठव्या महिन्यापर्यंत ते वाक्य म्हणणारं कुणी उरलं नाही.

आम्ही द्वारकेत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो, अजूनही राहतो. बायको एका खाजगी शाळेत गणित शिकवते, मुलगी तेव्हा दहावीत होती. पुण्याला आईला मी काही सांगितलं नव्हतं. ती दुपारी फोन करायची आणि मी डाळीला फोडणी देता देता म्हणायचो, ‘आई, मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी बोलू.’ मागे कुकरची शिट्टी झाली तर काय सांगायचं, तेही मी ठरवून ठेवलं होतं. कँटीन शेजारीच आहे म्हणून. ती कधी विचारायची नाही. कदाचित तिला कळलंच असेल.

मुलाखती येत होत्या, पण मुलाखत देणं म्हणजे काय, तेच बदललं होतं. मी पहिली नोकरी धरली तेव्हा साहेबांनी विचारलं होतं, कुठले, कुठे शिकलात, कधीपासून येता. आता असं कुणी विचारत नाही. प्रसंग विचारतात. ‘असा एक प्रसंग सांगा जेव्हा तुम्ही दबावाखाली निर्णय घेतलात.’ ‘असा प्रसंग सांगा जेव्हा तुमचं वरिष्ठांशी पटलं नाही.’ ‘तुमचं अपयश सांगा.’ त्यामागचा विचार असा की माणूस पूर्वी जसा वागला तसाच पुढे वागणार. विचार चुकीचा नाही. मीही गोदामात माणसं घेताना असेच प्रश्न विचारले होते, आणि समोरचा अडखळला की मनात एक काट मारली होती.

माझी अडचण अशी की माझ्याकडे प्रसंगच नव्हते. नऊ वर्षांत एकदाही माल खराब होऊन परत आला नाही, कारण मी रोज सकाळी स्वतः थर्मामीटर बघत होतो आणि दर शनिवारी दारांची रबरं तपासत होतो. यात सांगण्यासारखं काय आहे? ज्याच्या हातून काही बिघडत नाही, त्याच्याकडे गोष्ट नसते. मी हे एका मुलाखतीत बोलूनही दाखवलं. समोरचा माणूस हसला आणि म्हणाला, ‘अच्छा, तो कोई और उदाहरण?’

मग मी शिकायला लागलो. इंटरनेटवर बघून वहीत लिहून काढलं: आधी परिस्थिती सांगायची, मग आपली जबाबदारी, मग आपण काय केलं, शेवटी काय साधलं. अडीच मिनिटांच्या वर जायचं नाही. बायको संध्याकाळी शाळेतून आली की भाजी निवडत समोर बसायची, फोनवर वेळ लावायची आणि मी बोलायचो. ‘तीन मिनिटं दहा सेकंद,’ ती म्हणायची. ‘मधलं ते रबराचं काढून टाक.’

नवव्या महिन्यात गुरुग्रामच्या एका कंपनीत शेवटच्या फेरीपर्यंत पोचलो. मुलाखत घेणारा माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान असेल. वागायला सभ्य होता. मी सांगत होतो आणि तो मध्येच पेन खाली ठेवून म्हणाला, ‘सर, आप हर बार हम बोल रहे हैं. हमने ये किया, हमने वो किया. हमें टीम को नहीं, आपको लेना है. उसमें आपने क्या किया? मैं बोलिए.’

मी ‘मैं’ म्हणून पुन्हा सुरुवात केली. दोन वाक्यांनंतर पुन्हा ‘हम’ आलं. मला ती नोकरी मिळाली नाही.

घरी येताना मेट्रोत मला बसायला जागा मिळाली होती, तरी मी उभाच राहिलो. बसलो तर रडू येईल असं वाटलं. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाने मेट्रोत रडणं बरं दिसत नाही, इतकंच तेव्हा मनात होतं. त्यानंतर मी जे केलं त्याला ‘मैं बोलिए’ हे शब्द कारण झाले, असं म्हणणं सोयीचं आहे. पण त्या माणसाने मला मी म्हणायला सांगितलं होतं, खोटं बोलायला नव्हे.

आमच्या गोदामाच्या नऊ वर्षांत खरा म्हणावा असा प्रसंग एकच घडला होता. मे महिना होता. दुपारी बाराच्या सुमारास त्या सेक्टरची वीज गेली आणि जनरेटर सुरू होईना. मी तेव्हा जागेवर नव्हतो. दिल्लीत एका दवाखान्यात तक्रार ऐकायला गेलो होतो. गोदामात माझ्या हाताखालची एक मुलगी होती. मुलगी म्हणतो, पण तिशी ओलांडलेली, एका लेकराची आई. मूळची पाटण्याची. साठ्याची नोंद ठेवायला घेतलेली, पण काम त्याच्या पलीकडे करायची. तिने फोन केला, ‘सर, जनरेटर नहीं चल रहा. अंदर छह डिग्री हो गया है.’

गोदामात आठ डिग्रीच्या वर गेलं की इन्शुलिनचा साठा बाद धरतात. मी म्हणालो, ‘दरवाजे मत खोलो. मेकॅनिक निकल चुका है. रुको.’

ती म्हणाली, ‘सर, बाजूच्या डेअरीच्या गाड्या’... म्हणजे हिंदीतच म्हणाली, की दुधाच्या गाड्या सकाळी वाटप करून येतात आणि दुपारभर रिकाम्या उभ्या असतात, त्या थंड असतात, आपला माल त्यात हलवू या. मी ओरडलो. दुधाच्या गाडीत औषधं? परवानगी कुणाची? काही झालं तर नोकरी माझी जाईल. ‘रुको, बस,’ असं म्हणून मी फोन ठेवला.

ती थांबली नाही. डेअरीच्या मॅनेजरकडे गेली आणि त्याला तयार केलं. त्याच्या सासऱ्यांना मधुमेह होता, त्यामुळे इन्शुलिन म्हणजे काय ते त्याला समजावून सांगावं लागलं नाही. तिने आधी रिकाम्या गाडीत लॉगर, म्हणजे तापमान नोंदवणारं यंत्र, पंधरा मिनिटं ठेवलं. पंख्याजवळ गारठा जास्त असतो आणि इन्शुलिन गोठलं तरीही वाया जातं, म्हणून पंख्यासमोर रिकामी खोकी रचली आणि मगच माल चढवायला सांगितलं. मी पोचलो तेव्हा तीन गाड्या भरून झाल्या होत्या. मेकॅनिक सायंकाळी पाच वाजता आला. तिने माझं ऐकलं असतं तर सगळा साठा फेकावा लागला असता.

मुख्य कार्यालयाला जो अहवाल पाठवला त्यात मी लिहिलं, ‘आमच्या टीमने तत्परतेने निर्णय घेतला.’ तिचं नाव शेवटच्या ओळीत होतं, हमालांच्या नावांबरोबर.

दहाव्या महिन्यात नोएडातल्याच एका कंपनीने बोलावलं. त्यांनाही शीतगोदामासाठी माणूस हवा होता. समोर मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख बाई होत्या, पन्नाशीच्या, शांत. त्यांनी तोच प्रश्न विचारला, दबावाखाली घेतलेला निर्णय. आणि मी सांगितलं. मे महिना, गेलेली वीज, दुधाच्या गाड्या. ‘मैंने देखा था कि दोपहर में वो गाड़ियाँ खाली खड़ी रहती हैं.’ ‘मैंने पहले लॉगर रखा.’ बाई खोदून खोदून विचारत होत्या, कारण खोटं बोलणारा तपशिलात सापडतो. मी सापडलो नाही. पंख्यासमोरची खोकी सांगितली तेव्हा त्यांनी मान वर केली.

‘किसी ने रोका नहीं आपको?’

‘रोका था,’ मी म्हणालो. ‘मेरे सीनियर ने कहा था, रुको, मेकॅनिक आ रहा है.’

हे सीनियरचं मी ठरवून गेलो नव्हतो. ते आपोआप तोंडातून आलं, आणि बोलताना त्या सीनियरचा मला खरोखर राग आला.

बाई म्हणाल्या, तुमचं आम्ही जवळजवळ नक्की करतोय, फक्त चौकशीचा भाग राहिलाय. जुन्या ठिकाणच्या दोन वरिष्ठांची नावं द्या. मी दिली. दोघेही आता बेंगळुरूला असतात, गोदामात त्या दिवशी कोण काय करत होतं हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्या संध्याकाळी मी मुलीसाठी समोसे घेऊन गेलो.

आठवड्याने, सकाळी साडेअकराला, त्याच बाईंचा फोन आला. मला वाटलं, नेमणुकीचं पत्र. त्या म्हणाल्या, ‘एक दूसरे मामले में फोन किया है. आपकी एक पुरानी कलीग ने हमारे यहाँ इन्वेंटरी की पोस्ट के लिए इंटरव्यू दिया है. रेफरन्स में आपका नाम दिया है.’

मी स्वयंपाकघरात उभा होतो. हातात कोथिंबीर होती.

‘दिक्कत ये है,’ त्या म्हणाल्या, ‘कि उन्होंने भी वही दूध की गाड़ियों वाली बात बताई. कह रही हैं, फैसला उनका था और उनके मॅनेजर ने मना किया था. आप बताइए, क्या हुआ था?’

खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य मला हिंदीतही येत होतं आणि मराठीतही. मी म्हणालो, ‘मॅडम, वो बहुत अच्छी वर्कर है. उस दिन वो भी थी वहाँ. सबने मिलकर किया. शायद थोड़ा... बढ़ा-चढ़ाकर बता दिया होगा. नौकरी की जरूरत है बेचारी को.’

 ‘थँक यू, बिल्कुल क्लिअर है’ म्हणून बाईंनी फोन ठेवला.

‘बेचारी.’ तो शब्द मी का वापरला? तिला वाचवतोय असं दाखवत मी तिला बुडवलं, आणि वर दयाही दाखवली.

दुपारी तिचाच फोन आला. मी उचलला नाही. पुन्हा आला, तेव्हा उचलला. आवाज चढलेला नव्हता. तो चढलेला असता तर बरं झालं असतं.

‘सर, वो लोग बोले कि मैंने किसी और का किस्सा अपना बताकर सुनाया. सर, आपने वहाँ इंटरव्यू दिया था क्या?’

‘हाँ.’

‘वो दूधवाली बात आपने बताई?’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘सर, वो तो मेरी थी ना?’ ती म्हणाली. तिला खरंच विचारायचं होतं. जणू माझ्या उत्तरावर तिची स्वतःची आठवण अवलंबून होती. ‘आपने तो कहा था रुको. मैं नहीं रुकी. ऐसा ही हुआ था ना, सर?’

‘मैं बाद में बात करता हूँ,’ असं म्हणून मी फोन बंद केला.

बायको चारला घरी आली तेव्हा मी मुलीच्या खोलीत जमिनीवर बसलो होतो. तिने पर्स खाली ठेवली, शेजारी बसली आणि काय झालं विचारलं. मी सगळं सांगितलं. फोनचं, ‘बेचारी’चं, सगळं. मला वाटलं होतं ती हादरेल. ती बराच वेळ पर्सच्या चेनशी चाळा करत राहिली.

‘मला माहीत होतं,’ ती म्हणाली.

‘काय माहीत होतं?’

‘ती गोष्ट तुझी नाही हे. त्या मे महिन्यात तू घरी येऊन स्वतः म्हणाला होतास, ती पोरगी माझं ऐकत बसली नाही म्हणून वाचलो. चहा सांडला होतास.’

‘मग मी प्रॅक्टिस करत होतो तेव्हा बोलली का नाहीस? तू तर वेळ लावत होतीस.’

‘दोन मिनिटं वीस सेकंद झाली होती,’ ती म्हणाली. ‘पहिल्यांदा नीट जमलं होतं. दहा महिन्यांत पहिल्यांदा तुझी मान ताठ दिसली मला. मी नाही बोलले. मलाही ती नोकरी हवी होती रे.’

आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. मुलगी क्लासहून आली, दारातून आमच्याकडे बघून परत बाहेरच्या खोलीत गेली. तिने टीव्ही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मी नोएडाला गेलो. बायकोने जा म्हटलं नाही, जाऊ नकोस असंही म्हटलं नाही. डबा भरून दिला. द्वारकेहून नोएडापर्यंत मेट्रोला तास-सव्वा तास लागतो, आणि त्या वेळात मी चार वेळा उतरून परत फिरायचं ठरवलं. एकदा तर यमुना ओलांडायच्या आधी उतरलोही होतो. फलाटावर दोन गाड्या सोडल्या आणि तिसरीत चढलो.

बाईंनी मला वेळ दिलेली नव्हती. दीड तास बसवलं, मग आत बोलावलं. मी उभ्यानेच सांगितलं. या वेळी परिस्थिती, जबाबदारी वगैरे काही आठवलं नाही. ‘मॅडम, रोकने वाला मैं था. गाड़ियाँ उसने मँगवाईं. लॉगर उसने रखा. मैंने झूठ बोला, इंटरव्यू में भी और कल फोन पर भी.’

त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मग म्हणाल्या, ‘आपको पता है, हमारी टीम में सबको लगा था कि वही झूठ बोल रही है. क्योंकि आप सीनियर थे. और आपने इतनी अच्छी तरह बताया.’ थोड्या वेळाने, ‘उन्होंने ठीक से नहीं बताया था. घबरा गई थीं. बार-बार हम बोल रही थीं.’

मी विचारलं, तिला आता घ्याल का?

‘वो पोस्ट कल शाम को भर गई,’ त्या म्हणाल्या. ‘आपके फोन के बाद.’ त्यांनी तिला स्वतः फोन करून सांगायचं कबूल केलं, आणि पुढे जागा निघाली तर बोलावू असंही म्हणाल्या. माझी नोकरी तर गेलीच होती, त्याबद्दल दोघांनाही काही बोलायची गरज नव्हती. मी निघालो तेव्हा त्यांनी हात मात्र पुढे केला. तो का, ते मला आजवर समजलेलं नाही.

तिला मी त्याच दिवशी फोन करून भेटलो. ती मयूर विहारच्या बाजूला राहते. मेट्रो स्टेशनच्या बाहेर आली, लेकीला कडेवर घेऊन. मी माफी मागितली. तिने ऐकून घेतलं. लेक माझ्या चष्म्याकडे हात करत होती, तिने तो हळूच खाली धरला.

‘सर, मॅडम का फोन आया था. सच पता चल गया, अच्छा है,’ ती म्हणाली. ‘पर एक बात बोलूँ? मेरे पास सुनाने को वही एक किस्सा था. नौ साल में कोई मुझसे पूछता ही नहीं था कि मैंने क्या किया. वहाँ पहली बार किसी ने पूछा. और मैं सुना रही थी, तो सामने वाले एक-दूसरे को देखने लगे.’ तिने लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. ‘अब कहीं और सुनाऊँगी ना, तो सामने वाले का मुँह ही देखती रहूँगी.’

मी म्हणालो, कुणालाही माझ्याशी बोलायला सांग, मी लेखी देतो, कुठेही येऊन सांगतो. ती म्हणाली, ‘रहने दीजिए, सर. आपका नाम मैंने अब हटा दिया है.’ मग स्वतःच म्हणाली, ‘चाय पिएँगे?’ मी नको म्हटलं. तिनेही पुन्हा विचारलं नाही.

तरीही मी पत्र लिहिलं. त्या दिवसाचं सगळं, वेळेनिशी, मी काय म्हणालो आणि तिने काय केलं ते. सही करून तिला पाठवलं. तिने ते वापरलं की नाही, ठाऊक नाही. चार-पाच महिन्यांनी एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं की ती फरिदाबादला एका औषध कंपनीत लागली, पूर्वीपेक्षा खालच्या जागेवर. पत्रामुळे लागली असं मानायला मला आवडलं असतं.

मला त्यानंतर आणखी पाच महिने काम नव्हतं. त्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बायको शाळेनंतर शिकवण्या घ्यायला लागली आणि मी वेळ लावून बोलणं बंद केलं. आईला मी खरं काय ते सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘मग दुपारी जेवतोस तरी का नीट?’ शेवटी एका छोट्या भाजीपाल्याच्या शीतगोदामात पाळीचा प्रमुख म्हणून घेतलं. तिथे मुलाखत अशी झालीच नाही. मालकाने मला आत नेलं, दाराला हात लावायला सांगितलं आणि विचारलं, रबर कितने दिन चलेगा? मी म्हणालो, दो महीने, ये कोना तो आज ही बदलना पड़ेगा. तो म्हणाला, कल से आ जाओ.

मी खूश व्हायला हवं होतं. घरी सांगितलं तेव्हा बायकोने डोळे मिटून भिंतीला पाठ टेकली, मुलीने मला मिठी मारली. मी त्यांच्याबरोबर हसलो. पण त्या दिवसापासून कुणी माझ्या कामाची तारीफ केली की मी आधी मनात तपासून बघतो, हे नक्की मीच केलंय ना. बहुतेक वेळा मीच केलेलं असतं. तरी तपासतो.